एकच प्रोग्रॅम आणि वजनकाट्यावरची तीन यंत्रे

निपाणीच्या बाजूला, हमरस्त्याला लागून, एक वजनकाटा आहे. गळीत हंगामात तिथे पहाटेपासून उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि हंगाम संपला की गूळ, तंबाखू, वाळू आणि भंगार अशा चारही दिशांच्या मालाच्या गाड्या येत राहतात. त्या काट्यावरची पावती छापणारा, सी या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम मी सांभाळतो. गेल्या हंगामाच्या शेवटी मालकांनी दुसऱ्या खोलीत नवा संगणक बसवला. मी त्यावर तोच प्रोग्रॅम, एकही ओळ न बदलता, पुन्हा कंपाइल करून, म्हणजे त्या यंत्राच्या भाषेत उतरवून दिला, आणि पहिलीच पावती हातात घेऊन एक ट्रकचालक खिडकीशी परत आला. "ओ साहेब, ह्यात नुसते डबेच डबे छापून आल्यात की!" त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. वजनाचे आकडे बरोबर होते, गाडीचा नंबर बरोबर होता, परंतु मालाचे नाव, गावाचे नाव आणि खालची सूचना यांच्या जागी रिकामे चौकोन एका ओळीत उभे होते.

आमच्या भागात पावती दोन भाषांत लागते. वर कन्नड, खाली मराठी. चिकोडी, निपाणी, खानापूर, बेळगाव असा सगळा पट्टा पाहिला तर एकाच दिवसात केए २२, केए २३ आणि एमएच ०९ या तिन्ही नंबरांच्या गाड्या त्या काट्यावर चढतात. एखाद्या चालकाला एक लिपी वाचता येते, तर दुसऱ्याला दुसरी. त्यामुळे पावतीवरची अक्षरे हा शोभेचा भाग नाही. आपल्या मालाचे नाव आणि नक्त वजन एकाच कागदावर वाचता येणे हा त्या माणसाचा हक्क आहे, आणि तो हक्क माझ्या प्रोग्रॅममुळे हुकला याचे मला मनापासून वाईट वाटले.

दोन संध्याकाळी मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. आधी फॉन्टवर संशय घेतला, मग प्रिंटरवर, मग मालाच्या यादीची फाइल कॉपी करताना बिघडली असावी अशी शंका आली. वजनाचा आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरशेजारच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हाच प्रोग्रॅम अख्खा हंगाम बिनतक्रार चालला होता, त्यामुळे प्रोग्रॅमवर संशय घ्यायचे मनातच येईना. दोन्ही यंत्रांवर लिनक्स होते, दोन्हींवर जीसीसी हाच कंपाइलर होता, आणि कंपाइल करण्याची आज्ञासुद्धा मी एका यंत्रावरून दुसऱ्यावर जशीच्या तशी नेली होती. मग माशी शिंकली कुठे?

शेवटी मालाच्या नावातला पहिला बाइट, म्हणजे आठ बिटांचा पहिला तुकडा, आकड्याच्या रूपात छापून पाहिला. रास्पबेरी पायने २२४ दाखवले. नव्या संगणकाने उणे ३२ दाखवले. फाइल तीच, बाइट तोच, आठ बिटांची मांडणीही तीच, आणि तरी एकाच्या मते ती संख्या २२४ होती तर दुसऱ्याच्या मते उणे ३२.

हे समजण्यासाठी युनिकोडची, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्याची, थोडी ओळख लागते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. 'म' हे अक्षर २२४, १६४, १७४ असे साठवले जाते. कन्नडमधला 'म' २२४, १७८, १७४ असा साठवला जातो. पहिला बाइट सारखा, शेवटचा बाइट सारखा, फरक फक्त मधल्या बाइटात. हा योगायोग नाही. आपल्या भारतीय लिप्यांचे युनिकोडमधले विभाग जुन्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या धर्तीवर समांतर मांडलेले आहेत, म्हणून दोन्ही लिप्यांतला 'म' आपापल्या विभागात एकाच क्रमांकाच्या खुर्चीवर बसलेला आहे. सीमाभागात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा फार समाधान होते. मला तरी झाले होते. माझा प्रोग्रॅम याच मांडणीवर विसंबून होता. पहिला बाइट २२४ असेल तर दुसरा पाहायचा. तो १६४ किंवा १६५ असेल तर देवनागरी फॉन्ट, १७८ किंवा १७९ असेल तर कन्नड फॉन्ट, आणि यांपैकी काहीच नसेल तर इंग्रजी फॉन्ट घ्यायचा. नव्या संगणकावर पहिल्याच परीक्षेत उणे ३२ आणि २२४ यांची तुलना होत होती, ती कधीच जुळणे शक्य नव्हते, आणि म्हणून प्रत्येक अक्षर इंग्रजी फॉन्टकडे जात होते. त्या फॉन्टमध्ये ना देवनागरी होती ना कन्नड. त्यामुळे चौकोन.

सी भाषेत अक्षर साठवण्यासाठी 'कॅर' हा प्रकार आहे. तो अधिक-उण्याच्या चिन्हासहित धरायचा, म्हणजे उणे १२८ ते १२७, की चिन्हाविना धरायचा, म्हणजे ० ते २५५, हे भाषेच्या प्रमाणाने, म्हणजे तिच्या अधिकृत नियमपुस्तकाने, ठरवलेलेच नाही. ते काम कंपाइलरवर सोपवले आहे. इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरवर, म्हणजे नव्या संगणकासारख्या यंत्रावर, जीसीसी तो चिन्हासहित धरतो. लिनक्सखालच्या एआरएम प्रोसेसरवर, म्हणजे रास्पबेरी पायसारख्या यंत्रावर, तोच जीसीसी तो चिन्हाविना धरतो. इंग्रजीत काम करणाऱ्या माणसाला हा फरक वर्षानुवर्षे जाणवणारही नाही, कारण इंग्रजी अक्षरांचे सगळे आकडे १२८ च्या खालीच राहतात. आपली अक्षरे मात्र लागलीच १२८ च्या वर जातात. कंपाइलरच्या या विसंगतीचा पहिला फटका मराठी आणि कन्नड लिहिणाऱ्याला बसतो, ही गोष्ट मला फार बोचते.

या फरकामागे कारण आहे, आणि ते समजून घेतल्यावर माझा राग थोडा निवळला हेही सांगायला हवे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली ती पीडीपी-११ या यंत्रासाठी. त्या यंत्रात मेमरीतला बाइट उचलून रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेत, ठेवताना त्याचे चिन्ह आपोआप पुढे पसरत असे, म्हणून तिथे 'कॅर' चिन्हासहित असणे स्वाभाविक होते. थोड्याच वर्षांत ही भाषा हनीवेलच्या यंत्रावर गेली, जिथे पूर्णांक ३६ बिटांचा होता आणि अक्षर ९ बिटांचे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरही गेली, जिथे अक्षरांचा तक्ताच निराळा होता. पुढे एआरएमचे पहिले प्रोसेसर आले, त्यांच्याकडे चिन्हासहित बाइट उचलण्याची सूचनाच नव्हती, त्यामुळे त्यांनी चिन्हाविना बाइट हा सोपा मार्ग धरला. १९८९ मध्ये अमेरिकेत आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर सीचे प्रमाण ठरले, तेव्हा समितीसमोर ही सगळी यंत्रे आधीपासून उभी होती आणि प्रत्येकावर हजारो ओळींचे चालते प्रोग्रॅम होते. कुणालाच मोडीत काढायचे नाही म्हणून ज्या ज्या ठिकाणी यंत्रांचे एकमत नव्हते, ती ती जागा मोकळी सोडण्यात आली.

या मोकळ्या जागांच्याही तीन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत निर्णय कंपाइलरने घ्यायचा आणि तो आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवायचा. 'कॅर'ची गोष्ट या तऱ्हेची आहे. दुसऱ्या तऱ्हेत निर्णय घ्यायचा, पण लिहून ठेवण्याची सक्ती नाही. तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट: तिथे प्रमाण म्हणते की असे लिहिलेत तर त्या प्रोग्रॅमला काही अर्थच उरत नाही, आणि कंपाइलरने काहीही केले तरी ते नियमाला धरूनच आहे.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत माझे बरेच ग्राहक यंत्रभाग तयार करणारे आहेत. एका कारखान्यात ओतकाम होते, दुसऱ्यात त्यावर टर्निंग होते, तिसऱ्यात तो भाग जोडला जातो, आणि या तिघांची भाषा एकच असते, ती म्हणजे ड्रॉइंग. ड्रॉइंगवर माप असते आणि मापाशेजारी टॉलरन्स, म्हणजे चालणारा कमी-जास्त फरक, असतो, आणि भाग बरोबर आहे की नाही हे 'गो' आणि 'नो गो' गेज लावून कोणताही कामगार सांगू शकतो. उद्या एखाद्या ड्रॉइंगवर "या भोकाचा व्यास प्रत्येक कारखान्याने आपल्या सोयीने ठरवावा" असे लिहून आले, तर तिथला शिकाऊ मुलगासुद्धा ते परत पाठवील. सीच्या प्रमाणात अशा जागा आहेत आणि त्यांच्यावर आपण बँका, दवाखाने आणि वजनकाटे चालवतो.

त्याहूनही जास्त दुखते ते कंपाइलरचे मौन. २२४ ची ती तुलना कधीच खरी ठरणार नाही हे नव्या संगणकावरच्या जीसीसीला कंपाइल करतानाच कळत होते. तरी तो गप्प राहिला. मी वॉर्निंग मागणारा 'वॉल' हा पर्याय लावलेला होता, ज्याच्या नावात 'ऑल' आहे, तरीही गप्प. 'वेक्स्ट्रा' हा वेगळा पर्याय जोडल्यावरच त्याने सांगितले की ही तुलना नेहमी खोटी ठरेल. मग कुतूहल म्हणून तीच फाइल क्लँग या दुसऱ्या कंपाइलरला दिली, तर त्याने कोणताही पर्याय न मागता तत्काळ त्या ओळीवर बोट ठेवले. दोन संध्याकाळी, एका चालकाचा खोळंबा आणि मालकांची नाराजी, एवढे सगळे एका ओळीच्या वॉर्निंगने टळले असते.

याच प्रोग्रॅमचे जुने रूप टर्बो सी या जुन्या कंपाइलरमध्ये होते. माझ्या पिढीने बेळगावात सी शिकली ती बोरलँडच्या त्या निळ्या पडद्यावर. तिथे पूर्णांकाचा 'इंट' हा प्रकार १६ बिटांचा, म्हणजे त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. काट्यावर लहान गाड्या येत होत्या तोवर ते खपून गेले, आणि एके दिवशी ३३,१२० किलो भरलेला ट्रक चढला तेव्हा पडद्यावर उणे ३२,४१६ असे वजन आले. माझ्या आधीच्या प्रोग्रॅमरने त्यानंतर वजनासाठी 'लाँग' हा मोठ्या पूर्णांकाचा प्रकार वापरला आणि तो प्रश्न मिटवला. पण त्याने नोंदी जशाच्या तशा बाइटांच्या रूपात फाइलमध्ये उतरवल्या होत्या, आणि तिथे पुढच्या दुखण्याचे मूळ होते.

एक नोंद म्हणजे अनुक्रमांकासाठी एक 'इंट', गाडीच्या नंबरासाठी ११ अक्षरांची जागा आणि वजनासाठी एक 'लाँग'. टर्बो सीमध्ये याची बेरीज सरळ होती: २ अधिक ११ अधिक ४, म्हणजे १७ बाइट. तीच नोंद ३२ बिटांच्या लिनक्सवर २० बाइटांची होते, कारण 'इंट' ४ बाइटांचा झाला आणि वजन चारच्या पटीत बसावे म्हणून मधे एक रिकामा बाइट घातला गेला. ६४ बिटांच्या लिनक्सवर तीच नोंद २४ बाइटांची होते, कारण तिथे 'लाँग' ८ बाइटांचा आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर 'लाँग' ४ बाइटांचाच राहिला, म्हणून तिथे पुन्हा २०. जुन्या हंगामाची फाइल नव्या यंत्रावर उघडली तर पहिल्याच नोंदीत गाडीच्या नंबराची सुरुवातीची दोन अक्षरे अनुक्रमांकात घुसत होती, वजनाच्या जागी दुसऱ्याच नोंदीचे तुकडे येत होते आणि पुढे सगळाच ताळमेळ सुटत होता. एका शेतकऱ्याला तीन वर्षांपूर्वीच्या पावतीची प्रत हवी होती. ती काढून द्यायला मला एक पूर्ण रविवार लागला: कागदावर चौकटी आखून, १७ बाइट मोजून, प्रत्येक तुकडा हाताने उलगडला.

दशांशांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. काट्यावर एक जुना ३२ बिटांचा संगणक अडीअडचणीसाठी ठेवलेला आहे. ०.३ टन म्हणजे ३ क्विंटल, हे चौथीतला मुलगा सांगेल. प्रोग्रॅममध्ये टनांना १० ने गुणून पूर्ण क्विंटल तेवढे घेतले जात होते. नव्या संगणकाने ३ सांगितले, जुन्याने २. कारण असे की ०.३ ही संख्या द्विमानात, म्हणजे संगणकाच्या ० आणि १ च्या पद्धतीत, नेमकी मावत नाही. साठवताना ती ०.३ पेक्षा किंचित कमी होते. नवा प्रोसेसर गुणाकार ६४ बिटांतच करतो, तिथे तो किंचित फरक गोलाईत विरून जातो आणि उत्तर नेमके ३ येते. जुन्या संगणकावर लिनक्सखाली तोच गुणाकार प्रोसेसरच्या ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये होत होता. तिथे तो फरक टिकून राहतो, उत्तर ३ ला टेकता टेकता राहते, आणि पूर्णांक घेतला की हातात २ येतात. त्यात भर म्हणजे तपासण्यासाठी मधे एक छापण्याची ओळ घातली की चूक नाहीशी होत होती, कारण त्या ओळीपायी संख्या रजिस्टरमधून मेमरीत जाऊन ६४ बिटांची होत होती. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपाइलरने वेगासाठी केलेली फेरमांडणी, बंद केले तरी नाहीशी. जीसीसीच्या दोषांच्या यादीत ३२३ क्रमांकाची तक्रार याच स्वरूपाची आहे आणि जगभरातल्या कितीतरी लोकांनी तिथे येऊन पुन्हा पुन्हा हेच गाऱ्हाणे मांडले आहे. पैशांचा आणि वजनाचा हिशेब दशांशात न करता किलोंच्या पूर्ण आकड्यात करावा, हा धडा मी त्या दिवशी घेतला आणि तो प्रोग्रॅम तसा बदलला. परंतु एका क्विंटलचा फरक एखाद्या गुळाच्या गाडीवर पडला असता, तर तो कुणाच्या पदरी गेला असता?

माझी भाची अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या चाचणीत प्रश्न होता: 'आय'ची किंमत ५ असताना एकाच छापण्याच्या आज्ञेत 'आय' दोन वेळा, दर वेळी आधी किंमत घेऊन मग एकाने वाढवायचा, असा लिहिला तर काय छापले जाईल? तिने घरी स्वतःच्या लॅपटॉपवर, क्लँगने, तपासून "५ ६" हे उत्तर पाठ केले होते. उत्तरपत्रिकेवर फुली पडली, कारण प्रयोगशाळेतल्या टर्बो सीवर "६ ५" येते. तो कंपाइलर कंसातल्या गोष्टी उजवीकडून डावीकडे सोडवतो. खरे पाहता प्रमाणानुसार ही ती तिसरी तऱ्हा आहे; या प्रश्नाला उत्तरच नाही. असा प्रश्न विचारणे म्हणजे मुलांना भाषा न शिकवता एका यंत्राची सवय शिकवणे होय, आणि असे प्रश्न वर्षानुवर्षे जुन्या वह्यांमधून पुढे येत राहतात याची मला खंत वाटते. तिच्या प्रयोगवहीतले 'व्हॉइड मेन' या जुन्या, प्रमाणाबाहेरच्या ओळीने सुरू होणारे प्रोग्रॅम टर्बो सी मुकाट्याने स्वीकारतो, जीसीसी स्वीकारतो पण वॉर्निंग देऊ शकतो, आणि क्लँग नाकारतो. तिने मला विचारले, "मामा, मग बरोबर कोण?" मी तिला सांगितले की बरोबर क्लँग आहे, पण परीक्षेत तुला प्रयोगशाळेतले उत्तर लिहावे लागेल. हे सांगताना मला फार जड गेले.

मोकळ्या जागांमुळेच सी इतक्या यंत्रांवर पोचली आणि इतकी वेगवान राहिली, असे जाणकार म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. १९९५ मध्ये आलेल्या जावा या भाषेने उलटा मार्ग घेतला: 'इंट' सगळीकडे ३२ बिटांचा, हिशेबाचा क्रम सगळीकडे डावीकडून उजवीकडे. तरीही इंटेलच्या त्या ८० बिटांच्या रजिस्टरपुढे जावालाही १९९८ मध्ये माघार घेऊन दशांशांच्या बाबतीत सूट द्यावी लागली, आणि ती सूट २०२१ मध्ये, १७ व्या आवृत्तीत, काढून घेण्यात आली. तेव्हा हे काम सोपे नाही हे मी मान्य करतो. पण आज ३६ बिटांची यंत्रे कुणाच्या टेबलावर उरलेली नाहीत. ज्या जागा त्यांच्यासाठी मोकळ्या सोडल्या होत्या त्या भरायला हरकत नसावी, आणि जोवर त्या भरल्या जात नाहीत तोवर कंपाइलरने आपण कोणती बाजू घेतली हे न विचारता सांगितले पाहिजे. जीसीसीच्या २०२४ मधल्या १४ व्या आवृत्तीने आधी जाहीर न केलेली फंक्शने (प्रोग्रॅमचे नाव दिलेले तुकडे) वापरणे हा वॉर्निंगचा विषय न ठेवता थेट एरर केला, तेव्हा पुष्कळांचे जुने प्रोग्रॅम अडले. माझेही दोन अडले. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण कंपाइल करताना अडलेला प्रोग्रॅम माझ्या टेबलावर अडतो, रात्री अकरा वाजता काट्यावरच्या खिडकीत अडत नाही.

आता माझ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये बाइट हा स्पष्टपणे चिन्हाविना लिहिलेला असतो, आणि फाइलीत जाणारी प्रत्येक संख्या १६ की ३२ बिटांची हे १९९९ च्या प्रमाणातले प्रकार वापरून नावासकट सांगितलेले असते. प्रोग्रॅम सुरू होताच तो आधी स्वतःची झडती घेतो: नोंद ठरलेल्या बाइटांची आहे का, आणि कन्नड व मराठी असे दोन्ही 'म' आपापल्या फॉन्टकडे जातात का. यांपैकी काही जुळले नाही तर तो चालण्यास नकार देतो. तिन्ही यंत्रांवर, जीसीसी आणि क्लँग अशा दोन्ही कंपाइलरांनी, एकच नमुना पावती काढून त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मी मालकांना काही देत नाही. चौकोनांची ती पावती माझ्या टेबलाच्या खणात आहे. टर्बो सीच्या काळातल्या पाच हंगामांच्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवण्याचे काम सध्या हाती आहे. दोन हंगाम उतरवून, कागदी पावत्यांशी ताडून झाले, तीन राहिले आहेत.